काविळीवर भुईआवळा : तक्त्यातील एका ओळीची तपासणी

‘आपल्या परिसरातील औषधी वनस्पती’ या नावाचा तक्ता बहुतेक शाळांच्या व्हरांड्यात कधी ना कधी लागलेला असतो. मुलांनी वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली रोपे, शेजारी ठळक अक्षरांत नाव आणि तिसऱ्या रकान्यात ‘उपयोग’. अडुळसा – खोकल्यावर. कोरफड – भाजल्यावर. भुईआवळा – काविळीवर. यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांना असा तक्ता करणे फारसे अवघड जात नाही. पांढरकवडा, घाटंजी, झरी-जामणी भागांत सागाचे जंगल गावाला लागून आहे, आणि जिथे जंगल नाही तिथेही पहिल्या दोन पावसांनंतर मैदानाच्या कडेला भुईआवळा, माका, घेटुळी (म्हणजेच पुनर्नवा) ही मंडळी न बोलावता हजर होतात. किराईत, गुळवेल आणि उन्हाळी (ग्रंथांतली शरपुंखा) शोधायलाही फार लांब जावे लागत नाही. गंमत म्हणजे या सगळ्यांच्या पुढे तिसऱ्या रकान्यात एकच शब्द येतो : कावीळ. ‘यकृतासाठी हितकारक’ असे थोडे भारदस्त शब्दही कधी कधी असतात.

या लेखात त्यातली फक्त एक ओळ तपासायची आहे. खोकल्याला अडुळसा लागू पडला नाही तर खोकला आणखी चार दिवस राहतो. काविळीच्या ओळीवर विसंबल्यास काय होऊ शकते, ते पुढे पाहू. शिवाय शाळेच्या भिंतीवर लिहिलेले खरे असते, असे मूल मानते आणि तेच घरी जाऊन सांगते.

आधी झाडाकडे पाहू. भुईआवळा एक-दीड वीत उंचीचा. त्याची बारीक डहाळी चिंचेच्या संयुक्त पानासारखी दिसते आणि मुले हमखास ‘हे एक पान’ असे म्हणतात. ती डहाळी उलटी करून दाखवावी. प्रत्येक पानाच्या बगलेत मोहरीएवढे गोल फळ लोंबताना दिसेल, फूलही तिथेच. संयुक्त पानाच्या पर्णिकेच्या बगलेत कधीही कळी येत नाही. म्हणजे ही फांदीच आहे आणि तिच्यावरची पाने साधी आहेत. संध्याकाळी ही पाने मिटतात, तेही पाहण्यासारखे. एवढे निरीक्षण झाले की वर्गाला एक अवघड प्रश्न विचारता येतो : हा भुईआवळा नेमका कोणता? फायलॅन्थस या प्रजातीतल्या अमारस, फ्रॅटर्नस, डेबिलिस, युरिनारिया, मद्रासपटेन्सिस अशा अनेक जाती आपल्याकडे उगवतात आणि त्यांतल्या बहुतेकींना लोक भुईआवळाच म्हणतात. जुन्या भारतीय ग्रंथांत सर्रास ‘फायलॅन्थस निरुरी’ हे नाव छापलेले असते. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते खरी निरुरी अमेरिका खंडातली, आणि आपल्याकडे त्या नावाने ओळखले जाणारे झुडूप बहुधा अमारस किंवा फ्रॅटर्नस असते. दक्षिण भारतातल्या जडीबुटीच्या दुकानांतले नमुने तपासले गेले, तेव्हा भुईआवळ्याच्या नावाखाली एकापेक्षा अधिक जाती विकल्या जात असल्याचे आढळले. तक्त्यातल्या ओळीचा पहिला शब्दच असा सैल आहे. दुसरा शब्द त्याहून सैल आहे.

कावीळ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. तापासारखेच. आपल्या रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते रक्तातून उचलते, पाण्यात विरघळेल असे करते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. मळाला येणारा रंग त्यातूनच मिळतो. या वाटेवर कुठेही खोळंबा झाला की बिलिरुबिन रक्तात साचते आणि डोळे पिवळे दिसू लागतात. पेशीच भराभर मोडत असतील तर यकृत धडधाकट असूनही त्याला काम आवरत नाही. यकृताच्या पेशी विषाणूने, दारूने किंवा औषधाने सुजल्या असतील तर काम होतच नाही. आणि यकृताने काम नीट केले तरी पुढची पित्तनलिका खड्याने वा गाठीने बंद असेल तर माल पुढे जात नाही. मग लघवी गडद होते आणि मळ मात्र पांढुरका पडतो. तीन ठिकाणचे तीन बिघाड. त्यांवर एकच पाला कसा चालेल?

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. चरकसंहितेत कामलेचे प्रकार वेगळे केलेले आहेत. पित्ताची वाट अडल्यामुळे होणाऱ्या कामलेत मळ वाटलेल्या तिळासारखा दिसतो, हे लक्षण तिथे नोंदलेले आहे आणि त्या प्रकारासाठी उपचारांची दिशाही वेगळी सांगितली आहे. आयुर्वेदाच्या नावाने रंगवलेला आपला तक्ता त्या जुन्या ग्रंथाइतकाही बारकाईने पाहत नाही. त्याचा दोष वैद्यकाकडे जात नाही, तीन इंच रुंदीच्या रकान्याकडे जातो.

विदर्भातल्या शिक्षकाने तर या विषयात आणखी सावध असायला हवे, कारण इथे सिकलसेल आहे. आदिवासी समाजांत आणि अनुसूचित जातींमध्ये त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. यवतमाळमधील गोंड, कोलाम, परधान वस्त्यांच्या शाळांत काम करणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. या आजारात तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते आणि १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच मोडते. साहजिकच डोळे पिवळसर राहतात. मुलाचे हातपाय दुखतात, ते वारंवार गैरहजर राहते, खेळताना दमते. घरचे म्हणतात, पोराला सारखी कावीळ होते. मग दर वेळी झाडपाला होतो, दर वेळी पिवळेपणा थोडा कमी होतो आणि पुन्हा दिसू लागतो. मूल दहा वर्षांचे होईपर्यंत रक्त तपासलेच जात नाही. वास्तविक पहिली चाचणी अगदी साधी असते. रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसतात का ते पाहतात. रेघा दिसल्या नाहीत तर पुढची पक्की तपासणी करतात. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही चालू आहे. वारंवार ‘कावीळ’ होणाऱ्या मुलाकडे शिक्षकाने या नजरेने एकदा पाहिले तर त्या मुलाची काही वर्षे वाचतील.

आता येतो सर्वांत वजनदार आक्षेप. ‘पण गुण येतो ना!’ गावात वीस जणांची नावे सांगणारे भेटतात आणि ते खोटे बोलत नसतात. पावसाळ्यात गावात येणारी कावीळ बहुतांशी दूषित पाण्यातून पसरणाऱ्या ‘अ’ आणि ‘ई’ विषाणूंची असते. ‘अ’ विषाणू शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत सरासरी चार आठवडे जातात. पिवळेपणा दिसू लागतो, तोवर मळातून बाहेर पडणारे विषाणू कमी होऊ लागलेले असतात. शरीराने लढाई अर्धी जिंकलेली असते. पुढच्या काही आठवड्यांत पिवळेपणा आपोआप ओसरतो. वैदूकडे माणूस जातो तो नेमका या उतरत्या टप्प्यावर. औषध कोणतेही असो, त्याला यश मिळणारच.

हे नुसते सांगून पटत नाही. त्यासाठी एक खेळ करावा. शंभर चिठ्ठ्यांपैकी नव्याण्णवांवर ‘बरा’ आणि एकीवर ‘गंभीर’ असे लिहून डब्यात टाकाव्यात. तीन विद्यार्थी वैदू होतील. एक भुईआवळा देईल, दुसरा उसाचा रस, तिसरा नुसता पाठीवर हात फिरवेल. प्रत्येकाने तीस वेळा चिठ्ठी काढायची, वाचून परत डब्यात टाकायची आणि निकाल फळ्यावर मांडायचा. गणिताच्या शिक्षकांनी हिशेब करून पाहावा : तीस रुग्णांत एकही गंभीर न निघण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के आहे. म्हणजे तिघांपैकी दोघे तरी बहुधा शंभर टक्के यश मिरवतील आणि पाठीवर हात फिरवणाराही त्यात असू शकेल. खेळाला एक पुरवणी जोडता येते. ज्याची ‘गंभीर’ चिठ्ठी निघेल तो शेवटच्या दिवशी दवाखान्यात जातो आणि तिथे दगावतो. मरण कोणाच्या खात्यावर लिहिले गेले? गावात दवाखान्याची बदनामी आणि वैदूची कीर्ती एकाच वेळी कशी वाढते, हे मुलांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आता प्रयोगशाळेतल्या पुराव्याकडे वळू, कारण ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ हे वाक्यही तक्त्यांत येऊ लागले आहे. भुईआवळा, कुटकी, किराईत, पुनर्नवा यांच्यावर शेकडो निबंध प्रसिद्ध झाले आहेत. त्यांतल्या फार मोठ्या भागाची रीत एकच असते. उंदरांना काही दिवस वनस्पतीचा अर्क पाजायचा, मग कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटामॉलचा जबर डोस द्यायचा आणि रक्तात यकृताची विकरे किती वाढली ते मोजायचे. अर्क घेतलेल्या उंदरांत ती कमी वाढली की वनस्पती ‘यकृतरक्षक’ ठरते. या रीतीत दोन गोम आहेत. पहिली अशी की औषध विषाच्या आधी दिलेले असते. माणूस मात्र डोळे पिवळे झाल्यावर औषध शोधतो. दुसरी गोम अधिक मजेशीर आहे. कार्बन टेट्राक्लोराइड मुळात तितके घातक नसते. यकृतातलेच एक विकर त्याचे घातक तुकड्यांत रूपांतर करते. जी कोणती वनस्पती त्या विकराच्या कामात अडथळा आणेल ती उंदराला वाचवील. पण विषाणूच्या काविळीत ते विकर मुळीच खलनायक नसते. उंदराच्या एका विषबाधेवरचा उतारा यवतमाळच्या पाण्यातल्या विषाणूवर चालेल असे मानायला त्यामुळे आधार उरत नाही.

माणसांवर प्रयोग झालेच नाहीत असे नाही. १९८८ साली मद्रासचे त्यागराजन आणि त्यांचे सहकारी यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. ‘ब’ विषाणूच्या शोधाबद्दल १९७६ चे नोबेल मिळालेले ब्लुमबर्ग हे त्याचे एक सहलेखक होते. ‘ब’ विषाणू वर्षानुवर्षे अंगात बाळगणाऱ्या वाहकांना भुईआवळ्याची (फायलॅन्थस अमारसची) भुकटी तीस दिवस दिली गेली. ३७ पैकी २२ जणांच्या, म्हणजे ५९ टक्के लोकांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठप्रतिजन नाहीसे झाले. नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्या २३ जणांत असे फक्त एकाचे झाले. निकाल थक्क करणारा होता आणि लेखकांनी स्वतःच त्याला प्राथमिक म्हटले होते. मग विज्ञानात व्हायला हवे तेच झाले, इतरांनी तो प्रयोग पुन्हा केला. १९९० मध्ये थायलंडमधून आणि १९९४ मध्ये न्यूझीलंडमधून उत्तर आले : आमच्या वाहकांत असा परिणाम दिसला नाही. पुढे २०११ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही दिखाऊ औषधाच्या तुलनेत भुईआवळ्याचा खात्रीलायक फायदा सिद्ध होत नाही, असाच निष्कर्ष निघाला. आपल्याकडच्या लेखांत आजही १९८८ चा निबंध अभिमानाने सांगितला जातो आणि गोष्ट तिथेच संपते. पुढची पाने फाडून कादंबरी वाचण्यासारखे झाले हे. शिवाय त्या निबंधातले वाहक बहुतेक वेळा पिवळे नसतात, त्यांना कावीळ नसतेच. तो निबंध यशस्वी ठरला असता तरी तक्त्यातल्या ओळीला त्याचा आधार मिळाला नसता.

दारू पिणाऱ्यांच्या घरात दिसणाऱ्या ‘लिव्हर टॉनिक’विषयी थोडक्यात. या प्रकारातले आपल्याकडचे सर्वांत प्रसिद्ध औषध म्हणजे १९५५ पासून विकले जाणारे लिव्ह-५२. दारूमुळे यकृत बिघडलेल्या रुग्णांवर श्रीलंकेत त्याची दिखाऊ औषधाशी तुलना करून सहा महिने चाचणी झाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात लक्षणीय फरक आढळला नाही. अशा बाटलीचा खरा तोटा खिशाला पडतो त्याहून मोठा आहे. ‘गोळी चालू आहे’ म्हणून पिणेही चालू राहते.

‘फायदा नसेल, पण अपाय तर नाही’ या समजुतीचे उत्तर अलीकडे महाराष्ट्रातूनच मिळाले आहे. २०२० मध्ये कोविडच्या धास्तीने घरोघर गुळवेलीचे काढे सुरू झाले. मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे त्या काळात असे सहा रुग्ण आले, ज्यांना गुळवेल घेतल्यानंतर कावीळ झाली होती. त्यांची हकिकत २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद मांडली. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते असे म्हणतात. ती चेतलेली शक्ती काही जणांत स्वतःच्याच यकृतावर उलटत असावी, असे या रुग्णांच्या तपासण्यांवरून दिसते. यकृतासाठी हितकारक म्हणून तक्त्यात बसलेली वनस्पती यकृताच्या वॉर्डात पोचवू शकते, असा याचा अर्थ. आयुष मंत्रालयाने पहिल्या निबंधावर आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का, याची ओळख नीट पटवलेली नाही. तिच्यासारखी दिसणारी दुसरी एखादी जात असू शकते. आक्षेप अगदी रास्त आहे. मात्र हा नियम दोन्ही बाजूंनी लावायला हवा. अपायाच्या वेळी जातीची खात्री मागायची आणि गुणाच्या वेळी ‘धुऱ्यावरून उपटून आणली’ एवढे पुरे समजायचे, हे चालणार नाही.

धुऱ्याचा विषय निघालाच आहे, तर एक स्थानिक गोष्ट. भुईआवळा हे कपाशी-सोयाबीनच्या वावरातले तण आहे. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्याच महिन्यांत, त्याच वावरांत भुईआवळा भरात असतो. तो उपटून, वाटून, उपाशीपोटी प्यायचा, तेही यकृत सुजलेले असताना. आणि अंगात गेलेल्या कित्येक विषांचे विघटन करणारे इंद्रिय म्हणजे तर यकृतच.

मग तक्ता फाडून टाकायचा का? मुळीच नाही. तो मोठा करायचा. ‘उपयोग’ या एका रकान्याऐवजी चार रकाने आखावेत : आपल्या गावात कोण, कोणत्या तक्रारीवर, कोणता भाग वापरतात, शास्त्रीय नाव कोणी आणि कशावरून ठरवले, तपासणी कशावर झाली, उंदरांवर की माणसांवर आणि कोणत्या रोगासाठी, अपायाची नोंद आहे का. पहिला रकाना भरायला मुले म्हाताऱ्या माणसांकडे जातील. तिथे त्यांना जे कळेल ते कोणत्याही पुस्तकात नसेल आणि ते लिहून ठेवण्याजोगे असेलच. तिसरा रकाना बऱ्याचदा रिकामा राहील. तो रिकामाच ठेवावा. तक्त्याच्या खाली मात्र मोठ्या अक्षरांत काही गोष्टी लिहाव्यात. कावीळ झालेला माणूस गुंगीत राहू लागला, असंबद्ध बोलू लागला, उलट्या थांबेनात, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गरोदर बाईला कावीळ दिसली तर यांपैकी कशाचीही वाट पाहू नये. ‘ई’ विषाणूच्या काविळीत शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर स्त्रियांपैकी शंभरात वीस-पंचवीसपर्यंत दगावू शकतात. एरवी आपोआप बरा होणारा हाच आजार इथे इतका वेगळा वागतो, आणि वैदूकडे गेलेले आठ दिवस तिला परत मिळत नाहीत.

उसाच्या रसाबद्दलही एक वाक्य लिहायला हरकत नाही : काविळीवर म्हणून आणलेल्या गाडीवरच्या रसातला बर्फ कोणत्या पाण्याचा होता?

शेवटी एक प्रयोग, कारण नुसत्या वादाने वर्ग कंटाळतो. काविळीची माळ बऱ्याच गावांत मिळते. ताज्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात विशिष्ट गाठीने ओवलेले असतात. ती डोक्यावरून गळ्यात घालतात, आणि कावीळ ‘उतरत’ जाते तशी माळ लांब होत पोटापर्यंत येते. घेटुळीच्या किंवा आघाड्याच्या ताज्या काड्या आणून मुलांकडून अशा दोन माळा करून घ्याव्यात. प्रत्येक तुकड्याला दोऱ्याचा आवळ वेढा बसला पाहिजे. एक माळ निरोगी विद्यार्थ्याच्या गळ्यात घालावी, दुसरी वर्गातल्या खुंटीला टांगावी. रोज प्रार्थनेनंतर दोन्हींची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी, एका काडीची जाडीही मोजावी आणि आठ दिवसांचा आलेख एकाच कागदावर काढावा. काडी सुकून बारीक होते, वेढा सैल पडतो आणि सुटलेला दोरा माळेत येतो, हे आलेखात दिसेल. हवा दमट असेल तर दोन-चार दिवस अधिक लागतील. खुंटीची कावीळ कितव्या दिवशी उतरली, हे मात्र तारखेसह वहीत नोंदवायला सांगावे.